वनस्नानाची फेरी नेताना: अंतर, वेळ, शब्द आणि नेहमी होणाऱ्या चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पक्षी आणि झाडं दाखवायच्या फेऱ्या नेणाऱ्या एका मार्गदर्शकाने दोन तासांची ‘फॉरेस्ट थेरपी’ फेरी ठेवली, म्हणजे वनस्नानाची: जंगलात अगदी सावकाश चालत, थांबत, बघत-ऐकत वेळ घालवायचा. चार किलोमीटर चालणं झालं, मध्ये दोनदा ध्यान घेतलं. लोक ‘छान झालं’ म्हणाले, पण निम्मे जण वाटभर गप्पा मारत होते आणि फेरी नेहमीसारखीच वाटली. चुकलं काय? किती अंतर ठेवायचं, काय बोलायचं, आणि फायद्यांबद्दल काय सांगितलं तर ते खोटं ठरणार नाही?

चार किलोमीटर, इथेच गाडं अडलं. दोन तासांत एवढं अंतर म्हणजे पाय जवळजवळ सतत चालत राहिले. चालणाऱ्याचे डोळे पायाखाली आणि पुढच्याच्या पाठीवर असतात, तोंड मात्र मोकळं असतं. गप्पा होणारच. वनस्नानाच्या फेरीत अडीच ते तीन तासांत ८०० मीटर ते दीड किलोमीटर, एवढंच अंतर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, पण नीट चाललेल्या फेरीत ८०० मीटरही जास्त होतात.

‘हळू चला’ सांगून कोणी हळू चालत नाही. पाच मिनिटं चालतात, मग शरीर आपल्या सवयीच्या वेगाला येतं. वेग कमी व्हायला पुढे फारसं अंतरच उरलेलं नसावं लागतं, आणि डोळ्या-कानांना काहीतरी हलकं काम दिलेलं असावं लागतं. हे दोन्ही आधीच रचून ठेवणं हे मार्गदर्शकाचं खरं काम. प्रत्यक्ष फेरीत तो जितका कमी दिसेल आणि कमी बोलेल तितकं बरं. झाडं ओळखून दाखवायची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

‘शिनरिन-योकू’ हा शब्द १९८२ साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी रूढ केला. अर्थ सरळ आहे, जंगलात न्हाणं. सुरुवात नागानो प्रांतातल्या आकासावाच्या हिनोकी वृक्षांच्या जंगलात झाली. निमंत्रण (डोळ्या-कानांना दिलेलं ते हलकं काम), गोल (सगळ्यांनी जमून आळीपाळीने बोलणं), शेवटी चहा अशी जी रचना आज बऱ्याच ठिकाणी दिसते ती मात्र नंतरची. अमेरिकेत आमोस क्लिफर्ड यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने ती पसरवली. जपानी पद्धतीत फेरीआधी आणि नंतर रक्तदाब मोजण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दोन्हींची खिचडी करू नका. गोलात बसून मोकळं बोलायचं ठरलं असताना दंडाला पट्टा बांधला, की लोक आकड्यांची तुलना करायला लागतात.

जागा

दाट, लांबचं, देखणं जंगल लागतं हा गैरसमज आहे. मोठी झाडं असलेली जुनी बागही चालते. पायवाट निदान एक मीटर रुंद हवी. चढ जवळजवळ नको. १०० मीटरमागे ५ मीटरहून जास्त चढ लागला की धाप लागते आणि सगळं लक्ष दमण्याकडे जातं. डोक्यावर बऱ्यापैकी सावली हवी आणि वाहनांचा आवाज जेमतेम पोचावा. लहान झरा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण वाहत्या पाण्याचा आवाज दूरच्या रस्त्याचा आवाज झाकून टाकतो. धबधबा मात्र टाळा. त्याच्यापुढे पानांची सळसळ ऐकू येत नाही आणि तुमची हाकही पोचत नाही.

पाहणी दोनदा करायची. एकदा आठवडाभर आधी, फेरीच्याच वारी आणि फेरीच्याच वेळी, कारण सकाळी सातला ओस असलेली वाट साडेनऊला धावणाऱ्यांनी आणि कुत्री फिरवणाऱ्यांनी भरलेली असते. दुसरी पाहणी फेरीच्या दिवशी तासभर आधी. प्रत्येक थांब्यावर पहिल्यांदा वर बघा. मोडून अडकलेली फांदी, वाळलेलं खोड, मधमाश्यांचं पोळं, गांधीलमाश्यांचं घरटं. वाळक्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत माणसं बसवायची नाहीत. मग स्वतः तिथे दोन मिनिटं बसा. उभ्याने बघून मुंग्या दिसत नाहीत, बसल्यावर लगेच कळतात. सर्वांत दूरच्या थांब्यापासून गाडी पोचेल अशा रस्त्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून चालून बघा आणि मोबाइलची रेंज कुठे येते ते लिहून ठेवा. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्यायची हे वेगळं सांगायला नको.

माणसं

सहा ते दहा जण उत्तम, बारा ही हद्द. आठच्या वर गेले की शेवटी चालायला एक सहायक हवा. हद्द बाराचीच का, याचं साधं गणित आहे. गोलात प्रत्येकाला दीड मिनिट धरलं तर दहा जणांचा एक गोल १५ मिनिटांचा होतो. तीन गोल म्हणजे पाऊण तास. वीस माणसं घेतलीत तर फेरीची सभा होते.

नाव नोंदवतानाच तब्येतीचं विचारून घ्या: मधमाशी किंवा इतर कशाची तीव्र ॲलर्जी, दमा, फिट येणं, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघे, गरोदरपण, अलीकडचं ऑपरेशन, आणि डोळे मिटून बसायला अडचण वाटते का. ॲलर्जीचं इंजेक्शन किंवा दम्याचा पंप असेल तर तो त्या माणसाच्या खिशात हवा, गाडीत नको. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वीस मिनिटं बसून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. उठायच्या वेळी सगळ्यांनाच ‘आधी पाय हलवा, मग उठा’ सांगितलं की एकट्यादुकट्याला वेगळं काढावं लागत नाही.

अंगभर कपडे, नेहमीपेक्षा एक कपडा जास्त, पाणी, बसायला छोटी चटई. जास्तीचा कपडा लोक आणत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात ‘चालायला जायचंय’ असं असतं. इथे शरीर तापत नाही. उलट बसून बसून गार पडतं, आणि थंडी वाजणाऱ्या माणसाचं मन कशातच लागत नाही.

सुरुवातीची १५ मिनिटं

ओळख फक्त नावाने. व्यवसाय सांगायला लावला की डॉक्टर, शिक्षक, साहेब अशी उतरंड लगेच तयार होते आणि वाटेत सल्लामसलत सुरू होते. किती वेळ, किती अंतर, शौचालय कुठे, परतायची वाट कुठली हे सांगा. अंगाला खाज आणणारी किंवा विषारी वनस्पती त्या वाटेवर असेल तर ती प्रत्यक्ष दाखवा, नुसतं वर्णन कोणाच्या लक्षात राहत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून पिशवीच्या तळाशी ठेवायला सांगा आणि तुमचा चालू असल्याचं सांगा. घड्याळही काढून ठेवायला सांगा. वेळेची काळजी तुमच्याकडे आहे हे कळल्याशिवाय लोक निवांत होत नाहीत.

‘हे कुठलं झाड?’ हा प्रश्न येणारच. ‘आज नावं चहाच्या वेळी’ असं आधीच जाहीर करून टाका. नाव कळलं की बघणं संपतं, असा बहुतेकांचा मेंदू चालतो.

आता गप्पांवरचा उपाय. तो म्हणजे उंबरठा. वाटेच्या सुरुवातीला दोन जवळची झाडं, आडवी फांदी किंवा एखादं वळण निवडा. तिथून एकेकाने आत जायचं, दोघांमध्ये तीस सेकंदांचं अंतर. पलीकडे वीस-तीस पावलांवर सगळे जमतील तिथे थांबायचं. दहा जणांना पाच मिनिटं लागतात. दिसायला हा छोटासा विधी आहे, पण त्यामागे व्यवहार आहे. सोबत आलेल्या जोड्या आणि मैत्रिणी आपोआप सुट्या होतात आणि कोणालाही ‘गप्प बसा’ न म्हणता शांतता सुरू होते. नवरा-बायको एकामागोमाग सोडू नका, मध्ये दोन माणसं घाला.

पहिलं निमंत्रण: एकेक इंद्रिय

यात घाई केली की पुढची सगळी फेरी फसते. वीस मिनिटं द्या. पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, किंवा बसायचं. डोळे मिटायचे, नको असेल तर नजर दोन-तीन हातांवर जमिनीवर टेकवायची. क्रम असा: तळवे, मग अंगावरची हवा, मग आवाज, मग वास, मग जीभ, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळे शेवटी, कारण उघडे असले तर बाकीच्यांना बोलूच देत नाहीत. दहा-बारा मिनिटं मिटलेले डोळे उघडल्यावर समोरचा हिरवा रंग आधी पाहिलेलाच असूनही वेगळा दिसतो. हे कोणाला सांगायला लागत नाही, चेहऱ्यांवर दिसतं.

बोलायचं ते एवढंच:

‘तळव्याचा कुठला भाग जमिनीवर जास्त टेकलाय?’ (थांबा.) ‘वारा अंगाला पहिल्यांदा कुठे लागतो?’ (थांबा.) ‘सगळ्यात जवळचा आवाज कुठला?’ (थांबा.) ‘आणि सगळ्यात लांबचा?’ (थांबा.) ‘या दोन्हींच्या मध्ये काय काय आहे?’

थांबणं म्हणजे निदान आपले स्वतःचे चार-पाच सावकाश श्वास, कमीत कमी अर्धा मिनिट. वीस मिनिटांत बारा-पंधरा वाक्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. नवखे इथे घाबरतात. शांतता आपल्या अंगावर येते म्हणून ते भरत सुटतात, ‘श्वासाबरोबर ताण बाहेर सोडा, सकारात्मक ऊर्जा आत घ्या’ वगैरे. ते सोडून द्या. कागदावरून वाचूही नका. आवाज वाचनाचा झाला की ऐकणारा परीक्षेला बसल्यासारखा होतो.

शब्दांकडे लक्ष द्या. मराठीत ‘शांत व्हा’ हे वर्गावर ओरडल्यासारखं लागतं आणि एखाद्याची समजूत घातल्यासारखंही. ‘ध्यान करा’ म्हटलं की ज्यांना ध्यान जमत नाही असं वाटतं ते मनातून बाहेर पडतात आणि ज्यांना जमतं ते पाठ ताठ करून आपापलं सुरू करतात. ‘अनुभवा’ हा शब्द जाहिरातींनी पार झिजवला आहे. त्यापेक्षा ‘बघा काय सापडतं’, ‘कानावर काय काय पडतंय’, ‘नको वाटलं तर नका करू’ अशी साधी बोली ठेवा. काय वाटलं पाहिजे ते कधीही आधी सांगायचं नाही. ‘झाडाला मिठी मारा, किती शांत वाटेल बघा’ म्हटलंत आणि एखाद्याला फक्त साल टोचली, तर त्याला वाटतं आपलंच काहीतरी कमी आहे.

चालायचं निमंत्रण

कुठलंही निमंत्रण तीन वाक्यांत बसलं पाहिजे: काय, कुठपर्यंत, संपलं कसं कळणार. उदाहरणार्थ: ‘जाताना काय काय हलतंय ते बघत राहा. इथून त्या आडव्या ओंडक्यापर्यंत जाऊ. मी पुढे आहे, मला कोणी ओलांडू नका.’ ओंडका साधारण १२० मीटरवर असावा आणि तिथे पोचायला १५ मिनिटं लागावीत. म्हणजे मिनिटाला आठ मीटर. पुढे चालणारा मार्गदर्शक हाच ब्रेक असतो. तुम्ही स्वतः खरोखर बघत चाललात तरच हा वेग जमतो, नाटक केलंत तर मागच्यांना कळतं.

‘काय हलतंय’ हे काम पहिल्यांदा का द्यायचं? हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा आपण होऊन वळतो, त्याला ढकलावं लागत नाही. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये याची नीट मांडणी केली. दिवसभर कामावर जे लक्ष आपण जोर लावून टिकवतो ते थकतं. पानं, ढग, पाणी यांच्याकडे लक्ष जोर न लावता जातं, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष सावरतं. म्हणून ‘दहा प्रकारची पानं शोधा’ हे निमंत्रण वाईट. ते पुन्हा काम झालं, आणि वर स्पर्धाही.

पुढची निमंत्रणं जागेवरून सुचतात. नजर रुंद करायचं एक सोपं आहे. समोर बघत दोन्ही हात कानांच्या रेषेत बाजूला पसरायचे, बोटं हलवायची, आणि न वळता दोन्हीकडची हालचाल दिसते का बघायचं. मग हात खाली, नजर तशीच ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं. सावल्यांच्या मागे जाणं, एका हातभर जागेत गुंतणं, दगडांचं तापमान हाताने तपासणं, असं बरंच आहे. पण एका फेरीत मोठी निमंत्रणं चारच. सहा ठेवली की कार्यक्रमपत्रिका होते.

पालापाचोळ्याचं निमंत्रण जवळपास कुठल्याही जंगलात चालतं. हातमोज्याची गरज नाही, पण हात घालायच्या आधी काठीने पानं हलवून घ्यायची. खाली विंचू, गोम असू शकते. मग वरून एकेक थर उचलायचा. पहिल्यांदा कोरडी, कुरकुरणारी, आख्खी पानं. त्याखाली ओलसर, एकमेकांना चिकटलेली, काहींची नुसती जाळी उरलेली. त्याखाली पानांना शिवल्यासारखे पांढरे बुरशीचे धागे. आणि तळाला काळपट भुसभुशीत माती, जिच्यात पान ओळखू येत नाही. प्रत्येक थराचा वास घ्यायचा. तळाचा वास म्हणजे पहिल्या पावसाच्या वासाचा सख्खा भाऊ, दोन्हींत जिओस्मिन नावाचं संयुग असतं. ते मातीतले जिवाणू तयार करतात आणि लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. ही माहिती निमंत्रणाच्या वेळी द्यायची नाही, चहाला राखून ठेवायची. झाल्यावर थर ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने परत ठेवायचे. मातीतल्या किड्यांचं छप्पर आहे ते.

गोल

प्रत्येक मोठ्या निमंत्रणानंतर गोल करायचा. हातात एक काटकी किंवा दगड फिरवायचा, ज्याच्या हातात तो बोलणार. विचारायचं एकच: ‘काय दिसलं, काय कानावर पडलं?’ ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान वाटलं’ या दोन शब्दांवर गाडी थांबते. काटकी न बोलता पुढे द्यायलाही पूर्ण मुभा आहे हे सांगा, आणि पहिल्या फेरीत स्वतः एखाद वाक्यच बोलून नमुना घाला. तुम्ही तीन मिनिटं बोललात तर सगळे तीन मिनिटं बोलतात.

कोणी काही सांगितलं की ‘वा!’ म्हणायचा मोह आवरा. एकाला ‘वा’ मिळाला की पुढचा वाह्वा मिळेल असं काहीतरी शोधतो आणि तिसरी व्यक्ती आपलं साधंच होतं म्हणून काटकी पुढे देते. अर्थही लावू नका. ‘मला ते वाळकं झाड आपल्यासारखं वाटलं’ असं कोणी म्हणालं तर ऐकायचं, मान हलवायची, काटकी पुढे. सांगितल्याबद्दल एकच छोटा शब्द सगळ्यांना सारखा, ‘ऐकलं’.

बैठक

शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाने एका जागी वीस मिनिटं एकटं बसायचं. दहा मिनिटांत हे जमत नाही. दहा माणसं आत आली की जवळपासचे पक्षी आणि खारी गप्प होतात किंवा दूर सरकतात. सगळं स्थिर झाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी त्यांची ये-जा पुन्हा सुरू होते. दहाव्या मिनिटाला उठवलंत तर नेमकं ते पाहायच्या आधी उठवलंत.

‘जा, आपापली जागा शोधा’ म्हणू नका. पाच जण एकाच बुंध्याकडे जातात आणि एखादा दिसेनासा होतो. माणसं वाटेवर पेरत जायची आणि येताना वेचत यायची. दर दहा-पंधरा मीटरवर एकाला बसवायचं, शेवटी तुम्ही. वळण असेल तर तिथे सहायक. अंधाराची, एकटेपणाची भीती सांगितलेली व्यक्ती तुमच्या सगळ्यात जवळ. परत बोलवायची खूण आधी ऐकवून ठेवा. लाकडी बासरी किंवा लहान घंटा चालते, शिट्टी नको. शिट्टी संकटासाठी राखलेली बरी. पाहणीच्या दिवशी सहायकाला शेवटच्या जागी बसवून खूण तिथे पोचते का तपासा, वारा उलटा असेल तर पोचत नाही. वेचून झाल्यावर डोकी मोजा. चहाच्या आधी पुन्हा मोजा.

पुढच्या फेरीला बसायच्या जागा बदला. त्याच बुंध्याशी दर आठवड्याला माणूस बसला तर दोन-तीन महिन्यांत तिथली माती दाबली जाते आणि मुळांना हवा-पाणी कमी पडतं.

चहा

थर्मासमधून न्या, जंगलात चूल नको. तिथल्याच पानांचा चहा करायची फॅशन आहे. वनस्पती शंभर टक्के ओळखता येत नसेल, जागा औषध फवारलेली किंवा रस्त्याकाठची असेल, गटात गरोदर स्त्री किंवा रोज औषधं घेणारं कोणी असेल, तर तो विषय बंद. नुसतं कोमट पाणीही चालतं. या वीस मिनिटांत नावं, माहिती, प्रश्न सगळं मोकळं करा. शरीर बरंच संथ झालेलं असतं, काहींना झोप आलेली असते. लगेच गाडी चालवायला बसू देऊ नका.

जे हमखास बिघडतं

हसू फुटणं. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी हसतंच. दुर्लक्ष करा, रागावलात तर ते दबून पसरतं.

माहितगार माणूस. प्रत्येक गटात एक असतो, जो शेजाऱ्याला पक्ष्यांची नावं कुजबुजत सांगतो. त्याला शेवटी चालायचं काम द्या आणि चहाच्या वेळी दोन झाडं त्याच्याकडूनच वदवून घ्या.

रडू येणं. हे अपेक्षेपेक्षा जास्तदा होतं. दोन-तीन पावलांवर जाऊन उभं राहा, पाठीवर हात ठेवू नका, कारण विचारू नका. ‘मी इथे आहे, घाई नाही’ पुरे. तुम्ही थेरपिस्ट नाही, जखम उघडायचं काम तुमचं नाही. श्वास भराभर चालला असेल, हात थरथरत असतील, तर डोळे उघडायला सांगा, उभं करा, पाय जमिनीवर दाबायला लावा आणि समोरच्या पाच गोष्टींचे रंग मोठ्याने सांगायला लावा. सहायकासोबत बाहेर न्यायची तयारी ठेवा. नंतर समुपदेशकाकडे जाण्याविषयी एकांतात बोला, गोलात बोलायचं नाही.

कंटाळा. खरं तर कंटाळा पहिल्या चाळीस मिनिटांत येतो आणि बहुतेकांचा पुढे आपोआप सरतो. म्हणूनच तासाभराची फेरी ‘बरी’ होते आणि अडीच तासांची लागू पडते. वेळ कमी असेल तर निमंत्रणं कमी करा, पण पहिली वीस मिनिटं आणि बैठक कापू नका.

हवामान. रिमझिम पावसात फेरी सुंदर होते, रद्द करू नका. वारा वेगळी गोष्ट आहे. मोठ्या फांद्या हलायला लागल्या आणि छत्री धरवेना (ब्यूफोर्ट मापनावर ६, ताशी ३९ ते ४९ किलोमीटर) तर बाहेर पडा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब इमारत किंवा बंद गाडी गाठायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं. झाडाखाली आसरा नाही, कितीही दाट असलं तरी.

फायद्यांबद्दल काय सांगावं

जपानमध्ये २४ जंगलांत, प्रत्येक ठिकाणी साधारण बारा तरुण घेऊन, जंगल आणि शहर यांची तुलना झाली. २०१० मध्ये आलेल्या त्या अहवालात जंगलातल्या थोड्या वेळातही लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक), नाडीचा वेग आणि रक्तदाब शहरापेक्षा कमी आढळला. हे बिनधास्त सांगा, सोबत हेही सांगा की ते निरोगी तरुण पुरुष होते आणि परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला आहे. जपानमधले वैद्यकीय संशोधक चिंग ली यांच्या अभ्यासांत दोन रात्री-तीन दिवसांच्या जंगलमुक्कामानंतर रोगप्रतिकारातल्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता वाढली आणि ती आठवड्याहूनही जास्त टिकली. मात्र गट डझनभर माणसांचे होते. तुमच्या अडीच तासांच्या फेरीला तो निष्कर्ष लावणं म्हणजे लबाडी. झाडं हवेत सोडतात त्या पायनिन, लिमोनिनसारख्या द्रव्यांचा, म्हणजे फायटॉन्साइड्सचा, यात वाटा असावा असं मानतात. चिंग ली यांनीच २००९ मध्ये हिनोकीच्या तेलाची वाफ हॉटेलच्या खोलीत सोडून बारा जणांवर तपासलं आणि तिथेही वाढ दिसली. संकेत चांगला आहे, पण त्यावर ‘झाडं औषध सोडतात’ अशी पाटी लावायची गरज नाही.

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. यात कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न उरतोच, कारण तब्येत चांगली असलेलेच जास्त बाहेर पडत असतील. जाहिरातीत ‘ताण हलका व्हायला मदत’ इथपर्यंत लिहा. नैराश्य बरं होतं, कॅन्सरशी लढायची ताकद येते, गोळ्या सुटतात असं काहीही लिहू नका. गोळ्या सोडणारा एखादा खरोखर निघतो.

पुढची फेरी ठेवण्याआधी त्याच वाटेवर दोघा-तिघा ओळखीच्यांना घेऊन नव्वद मिनिटांची चाचणी करा: उंबरठा, पहिली वीस मिनिटं, एक चालणं, एक गोल, बैठक. चाचणीत आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन किती मिनिटं आपण बोललो ते मोजा. गोल वगळून ते पंधरा मिनिटांच्या वर गेलं असेल, तर वाक्यं खोडत जा आणि त्याच वाटेवर पुन्हा एकदा जा.